कावळ्याची पिसे सर्वांत शेवटी : अ‍ॅनिमेशन लघुपटाची गोष्ट आधी कशी पक्की करावी

काही वर्षांपूर्वी मी साडेतीन मिनिटांचा एक अ‍ॅनिमेशन लघुपट केला. विषय दहाव्या दिवसाचा होता. नदीच्या घाटावर पिंड मांडला आहे, घरची माणसे हात जोडून उभी आहेत आणि कावळा काही केल्या शिवत नाही. या कावळ्याच्या पिसांवर मी जवळजवळ चार महिने घालवले. मानेवरची बारीक लव, उन्हात निळसर होणारी काळी झाक, पंख मिटताना पिसांचे एकमेकांवर सरकणे, घाटाच्या ओल्या पायरीत पडणारे प्रतिबिंब, हे सगळे मला हवे तसे साधले. लघुपट एका छोट्या सभागृहात दाखवला आणि दिवे लागल्यावर चार प्रश्न आले. चारही प्रश्न दिसण्याबद्दलचे होते : सॉफ्टवेअर कोणते, एका फ्रेमला (एका स्थिर चित्राला) रेंडर व्हायला, म्हणजे संगणकावर अंतिम रूपात तयार व्हायला वेळ किती, पिसे कशी केली, पाणी कसे केले. मी खुशीत घरी आलो. दोन दिवसांनी मावशीचा फोन आला. ती पहिल्या रांगेत बसली होती. तिने विचारले, "शेवटी तो कावळा आला खरा, पण का आला रे?" मला उत्तर देता आले नाही, कारण ते मी कधी ठरवलेच नव्हते.

संगणकीय अ‍ॅनिमेशनच्या इतिहासात याच्या अगदी उलट घडलेला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. १९८६ साली अमेरिकेत डॅलस येथे भरलेल्या सिग्राफ या संगणकीय चित्रणाच्या परिषदेत पिक्सार या स्टुडिओचा ‘लक्सो ज्युनियर’ हा जेमतेम दोन मिनिटांचा लघुपट दाखवला गेला. त्यात टेबलावरचे दोन दिवे आणि एक चेंडू एवढाच संसार आहे. दिव्यांच्या एकमेकांवर पडणाऱ्या सावल्या अचूक दाखवणे ही त्या काळी मोठी तांत्रिक झेप होती. त्यामुळे संगणकीय चित्रणातले मोठे जाणकार जिम ब्लिन प्रश्न घेऊन पुढे आले, तेव्हा हे नक्कीच सावल्यांच्या गणिताबद्दल विचारणार, असे दिग्दर्शक जॉन लॅसेटर यांना वाटले. ब्लिन यांनी विचारले, की तो मोठा दिवा आई आहे की वडील. ज्याला सावल्यांचे गणित त्या सभागृहात सर्वांत जास्त कळत होते, त्याला ते विचारावेसे वाटले नाही. माझ्या प्रेक्षकांना मात्र गेलेल्या आजोबांबद्दल एकही प्रश्न पडला नव्हता.

नंतर मी तो लघुपट पहिल्यापासून पुन्हा केला. पुढे जी पद्धत सांगितली आहे, ती त्या दुसऱ्या खेपेत हाती आली. एकट्याने किंवा दोघा-तिघांनी मिळून दोन ते पाच मिनिटांचा लघुपट करणाऱ्यांना ती उपयोगी पडेल. जाहिरात करणाऱ्यांचे किंवा मालिकेसाठी आठवड्याला ठरावीक मिनिटे भरणाऱ्यांचे वेळापत्रक निराळे असते. तसेच ज्यांना लायटिंग किंवा मॉडेलिंगमध्ये नोकरी हवी आहे, त्यांनी शोरीलमध्ये (आपल्या कामाचे नमुने जोडून केलेल्या चित्रफितीत) देखणे कामच दाखवले पाहिजे, कारण तिथे तीच परीक्षा असते. शोरील हा मात्र लघुपट नव्हे, आणि बरीच गडबड या दोहोंची गल्लत झाल्यामुळेच होते.

बदल केव्हा स्वस्त असतो

सुरुवात कागदावरच्या हिशेबाने करावी. तीन मिनिटे म्हणजे १८० सेकंद, आणि सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर ४,३२० फ्रेम होतात. हाताने काढताना एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवण्याची पद्धत सर्रास आहे. तशी सवलत घेतली तरी २,१६० चित्रे उरतात. एका चित्राला रंगासह दहा मिनिटे धरा. ते ३६० तास झाले, म्हणजे रोज आठ तास बसणाऱ्याचे ४५ दिवस. त्रिमितीत काम करत असाल आणि एका फ्रेमला पाच मिनिटे लागत असतील, तर एकाच संगणकावर रेंडर १५ दिवस आणि १५ रात्री चालेल. याच तीन मिनिटांचा स्टोरीबोर्ड (गोष्ट चौकटीचौकटीने मांडणारी कच्ची रेखाटने) मात्र पन्नास-साठ चौकटींत बसतो, आणि तो पूर्ण फाडून नव्याने काढायचा म्हटले तरी दोन दिवस पुरतात.

म्हणून गोष्टीतली प्रत्येक चूक चौकटींच्या टप्प्यावरच सापडायला हवी. रेंडर झाल्यावर सापडलेली चूक आपण दुरुस्त करत नाही, तिचे समर्थन करू लागतो. हे मी स्वतःवरून सांगतो. माझ्या पहिल्या लघुपटात कावळा पिंडाभोवती घिरट्या घालतो असा नऊ सेकंदांचा एक तुकडा होता. गोष्टीला त्याची काडीचीही गरज नव्हती, परंतु त्यावर तीन आठवडे गेलेले असल्यामुळे तो काढून टाकावा हे सुचणेच शक्य नव्हते.

ही चूक नवशिकेच करतात असे नाही. रिचर्ड विल्यम्स हे गेल्या शतकातले अत्यंत कुशल अ‍ॅनिमेटर. ‘द थीफ अँड द कॉब्लर’ या चित्रपटावर त्यांनी १९६४ च्या सुमारास काम सुरू केले, आणि १९९२ साली तो अपुऱ्या अवस्थेत त्यांच्या हातातून काढून घेण्यात आला. त्यातली कित्येक दृश्ये आजही थक्क करणारी आहेत. पण अनेक वर्षे एकेक दृश्य पराकोटीचे घडवत जाताना, संपूर्ण चित्रपटाचा पक्का स्टोरीबोर्ड मात्र पैसे लावणाऱ्यांचा तगादा सुरू होईपर्यंत तयार नव्हता. विल्यम्स यांच्या हाताबद्दल माझ्या मनात निव्वळ आदर आहे, आणि म्हणूनच हे उदाहरण मला जास्त बोचते.

लॅपटॉप मिटून गोष्ट सांगा

पहिली पायरी एका संध्याकाळची आहे. ज्याचा अ‍ॅनिमेशनशी काही संबंध नाही असा माणूस समोर बसवा आणि त्याला दोन मिनिटांत गोष्ट सांगा. हातवारे चालतील, आवाज बदलणे चालेल. "इथे कॅमेरा हळूहळू खाली येतो" किंवा "इथे सगळीकडे धुके असते" अशा वाक्यांना मात्र मनाई करा. मी माझी पहिली गोष्ट अशी सांगून पाहिली, तेव्हा धुके, पहाटेचा प्रकाश आणि घिरट्या वजा जाता तीनच वाक्ये उरली : माणसे थांबतात, कावळा येत नाही, मग येतो. ऐकणाऱ्याने मान डोलावली आणि विषय बदलला.

असे झाले, की चार गोष्टी लिहून काढाव्यात : कोणाला काय हवे आहे, ते का मिळत नाही, मिळाले नाही तर काय बिघडेल आणि ते कधीपर्यंत मिळायला हवे. यांपैकी शेवटची बाब बहुतेक जण विसरतात, आणि लघुपटात तीच सर्वांत कामाची असते, कारण साडेतीन मिनिटांत ताण निर्माण करायचा तर घड्याळ कुठेतरी चालू असावे लागते.

कावळ्याच्या गोष्टीत पहिले उत्तर सोपे होते : घरच्यांना कावळा शिवायला हवा आहे. तो का शिवत नाही याचे कारण पहिल्या खेपेला नव्हतेच. दुसऱ्या खेपेला घाटावर शेजारी आणखी तीन घरांचे पिंड मांडले आणि कावळ्याचे पोट भरून टाकले. काय बिघडेल, हे मराठी प्रेक्षकाला समजावून सांगावे लागत नाही. कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याची काहीतरी इच्छा अडली आहे, आणि मग एकेक नातेवाईक पुढे येऊन मोठ्याने शब्द देऊ लागतो. घड्याळ कुठून आणावे, यावर मात्र मी आठवडाभर अडकलो होतो आणि ते डोळ्यांसमोरच होते. कावळा आलाच नाही तर गुरुजी दर्भाचा कावळा करून तो पिंडाला शिववतात. म्हणजे गुरुजींच्या हातात दर्भ आला की वेळ संपत चालली, हे एकही शब्द न बोलता दिसते, आणि गाठ बसेपर्यंत किती वेळ उरला आहे तेही दिसते. हे सुचले तेव्हा संगणक बंद होता, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

‘आणि मग’ खोडा

आता प्रत्येक प्रसंग एकेका चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठ्या भिंतीवर ओळीने चिकटवा. रेखाटने भिंतीवर टाचून सगळ्यांनी मिळून पाहण्याची रीत डिस्नेच्या स्टुडिओत १९३० च्या दशकाच्या सुरुवातीस रुळली. तिचे कारण साधे आहे. वहीत गोष्ट पानापानाने दिसते, भिंतीवर ती एका नजरेत दिसते. लगतच्या दोन चिठ्ठ्यांमध्ये कोणता शब्द बसतो ते पाहा. ‘आणि मग’ बसत असेल तर ते दोन प्रसंग नुसते शेजारी राहतात. ‘पण’ किंवा ‘म्हणून’ बसत असेल तर एकातून दुसरा निघालेला असतो.

माझ्या जुन्या भिंतीवर सहा चिठ्ठ्या आणि पाचही ठिकाणी ‘आणि मग’ होते. नवी मांडणी अशी झाली. माणसे पिंड मांडून थांबतात, पण पोट भरलेला कावळा फांदीवरून हलत नाही. म्हणून थोरला मुलगा पुढे होऊन "जमीन विकणार नाही" असा शब्द देतो, पण कावळा मान वळवतो. म्हणून धाकटा "सगळे कर्ज फेडून टाकू" असे म्हणतो, पण जमीन विकल्याशिवाय कर्ज फिटणार नाही हे दोघांनाही ठाऊक असते. म्हणून पिंडासमोरच दोघांची जुंपते, पण त्या आरडाओरड्याने कावळा लांबच्या झाडावर जातो. म्हणून गुरुजी दर्भाला हात घालतात. पण तेवढ्यात नात पिशवीतून आजोबांची स्टीलची वाटी काढते आणि चमच्याने तिच्यावर तीनदा टकटक करते. आजोबा रोज सकाळी अशीच वाटी वाजवून कावळ्याला शेव घालत असत.

इथे मावशीच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, आणि त्यासाठी एकही नवे पीस लागले नाही. भिंतीसमोर चिठ्ठ्यांची अदलाबदल करायला लागलेला वेळ दीड तास होता.

जाड मार्कर आणि नव्वद सेकंद

स्टोरीबोर्डसाठी मुद्दाम वाईट साधन घ्यावे. बारीक टोकाची पेन्सिल हातात आली की आपण नकळत शेड देऊ लागतो. जाड काळा मार्कर घ्या, ए-फोर कागदावर आठ चौकटी आखा आणि प्रत्येक चित्राला नव्वद सेकंदांपेक्षा जास्त वेळ देऊ नका. माणूस म्हणजे गोल डोके आणि एक रेघ, कावळा म्हणजे चोच असलेला त्रिकोण. एवढ्यावर अभिनय होत नाही असे वाटत असेल, तर १९६५ साली चक जोन्स यांनी एका सरळ रेषेच्या ठिपक्यावरील प्रेमाची गोष्ट पडद्यावर आणली आणि तिला ऑस्कर मिळाले, हे आठवावे. त्याआधी पन्नास वर्षे, १९१५ साली, दादासाहेब फाळके यांनी ‘आगकाड्यांची मौज’मध्ये आगपेटीतल्या काड्या नाचवल्या होत्या. घरात काड्यापेटी सर्वांच्याच असते.

प्रत्येक चौकट स्वतंत्र धरून तीन गोष्टी तपासाव्यात : कोण कोणाकडे पाहत आहे, मागच्या चौकटीपेक्षा काय बदलले आहे, आणि ही चौकट काढली तर पुढची समजते का. समजत असेल तर ती काढा. माझ्या नव्या स्टोरीबोर्डमध्ये ७१ चौकटी होत्या. या चाळणीतून ५२ उरल्या.

चौकट कशी चालते हे शिकायचे असेल, तर सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी पाहावी, असे मी आवर्जून सुचवेन. तिथल्या ठाकर समाजाने ही कला जपली आहे. रामायण-महाभारतातल्या एकेका आख्यानाच्या सुट्या चित्रांच्या संचाला पोथी म्हणतात. कलाकार एकेक चित्र समोर धरतो आणि वाद्यांच्या साथीवर गात, बोलत कथा पुढे नेतो. चित्र हलत नाही. हलतात ते आवाज, ताल आणि पुढचे चित्र येण्याची वेळ, आणि समोर बसलेल्याला युद्ध दिसते. त्या परंपरेतले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा लोककला म्हणून तिचे योग्य ते कौतुक झाले, परंतु आपल्या व्यवसायातल्या लोकांनी तिच्याकडे आणखी एका नजरेने पाहायला हवे. आपण ज्याला अ‍ॅनिमॅटिक म्हणतो, म्हणजे चौकटी आवाजासह ठरावीक वेळाने एकामागोमाग दाखवणे, तेच हे लोक पिढ्यान्‌पिढ्या प्रेक्षकांसमोर बसून करत आले आहेत, आणि ते लांबले की प्रेक्षक उठून जातो, याची शिकवण त्यांना रोज मिळत आली आहे.

अ‍ॅनिमॅटिक

संपूर्ण पद्धतीत सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. चौकटींचे मोबाइलने फोटो काढा, कोणत्याही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ओळीने लावा, संवाद स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करा आणि प्रत्येक चौकट पडद्यावर किती सेकंद राहील हे ठरवा. पार्श्वसंगीत या टप्प्यावर घालू नये. करुण बासरी घातली की कोणतीही चौकट करुण वाटते, आणि गोष्ट चालली की बासरी चालली हे कळत नाही. घटनेचे आवाज मात्र हवेतच, निदान तोंडाने काढलेले तरी. वाटीची टकटक मी टेबलावर पेन आपटून घेतली होती.

वेळेच्या बाबतीत एक अनुभव सांगतो. गुरुजींच्या हातात दर्भ येणे आणि नातीने वाटी काढणे यांत मी आधी चार सेकंद ठेवले होते. कागदावर ते पुरेसे वाटत होते. चालवून पाहिल्यावर लक्षात आले, की दर्भ म्हणजे शेवट आला ही भीती प्रेक्षकाच्या मनात उमटायच्या आतच सुटका होते. ते अंतर अकरा सेकंद केले. त्या अकरा सेकंदांत काहीही घडत नाही. गुरुजी गाठ मारतात, भाऊ एकमेकांकडे बघत नाहीत, लांबच्या झाडावर कावळा चोच पुसतो. वाढवलेले हे सात सेकंद रेंडर झालेल्या दृश्यात घालायचे म्हणजे १६८ नव्या फ्रेम. अ‍ॅनिमॅटिकमध्ये मी फक्त चौकटीची कड ओढली.

गोष्ट न चालल्याचे इथे कळले, तर ते मोठ्यांच्याही बाबतीत घडले आहे. १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये पिक्सारच्या ‘टॉय स्टोरी’ या खेळण्यांवरच्या चित्रपटाच्या चमूने आपल्या स्टोरी-रील, म्हणजे रेखाटनांची चालती आवृत्ती, डिस्नेच्या अधिकाऱ्यांना दाखवल्या. त्या खेपेतला नायक, वूडी हे खेळणे, इतका कुजका आणि खुनशी होता, की तो बझ या नव्या खेळण्याला जाणूनबुजून खिडकीबाहेर ढकलतो, आणि त्याच्याबद्दल कोणालाच काही वाटेनासे झाले. निर्मिती थांबवली गेली आणि पटकथा पुन्हा लिहिली गेली. पडद्यावर आलेल्या चित्रपटात तोच प्रसंग आहे, पण बझ अपघाताने पडतो आणि आळ वूडीवर येतो. खेळणी तीच, खिडकी तीच. बदलले ते एवढेच, की कोणाच्या मनात काय होते. हे रेखाटनांच्या टप्प्यावर झाले म्हणून परवडले.

सगळ्यांनी कागदावरच काम करावे असा माझा हट्ट नाही. लाटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिस यांचा ‘फ्लो’ हा एका मांजराचा संवादरहित चित्रपट ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तयार झाला आणि २०२५ साली त्याला सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. झिल्बालोडिस यांनी स्टोरीबोर्ड रेखाटलाच नाही. ओबडधोबड त्रिमिती देखाव्यात कॅमेरा फिरवत त्यांनी थेट अ‍ॅनिमॅटिक बांधले. क्रम तोच राहिला : आधी कच्च्या आकारांवर गोष्ट चालवून पाहणे. त्या मांजराची लव जवळून पाहिली, तर बड्या स्टुडिओंच्या तुलनेत ती साधीच आहे.

कोणाला दाखवावे आणि काय विचारावे

अ‍ॅनिमॅटिक सहकारी अ‍ॅनिमेटरला दाखवू नये, निदान पहिल्यांदा तरी. तो मनातल्या मनात चित्रे पूर्ण करतो आणि कच्चेपणा माफ करतो. शेजारचे काका, दुकानातला मुलगा, दहा-बारा वर्षांचे एखादे मूल असे पाच-सहा प्रेक्षक पुरतात. एका वेळी एकालाच दाखवा. आधी काहीही समजावून सांगू नका. "हे अजून कच्चे आहे" एवढेही नको, कारण त्या वाक्याने समोरचा लगेच सौजन्याने वागू लागतो. पडद्याकडे बघू नका, प्रेक्षकाकडे बघा, आणि त्याची नजर जिथे मोबाइलकडे जाते तो सेकंद लिहून ठेवा.

संपल्यावर "आवडले का?" हा प्रश्न निरुपयोगी आहे. मराठी माणूस समोरासमोर नाही म्हणत नाही. त्याऐवजी "काय घडले ते मला सांगता का?" असे म्हणावे आणि गप्प बसावे. जे तो गाळतो ते तुमच्या लघुपटात नाही, मग ते तुम्ही कितीही वेळा दाखवलेले असो. जे तो चुकीचे सांगतो तिथे चौकट चुकली आहे.

माझ्या सहा प्रेक्षकांपैकी पाच जणांनी शेवट असा सांगितला : "मुलगी वाटी वाजवते, आवाज ऐकून कावळा येतो." बरोबर होते आणि तरी फसले होते, कारण त्यांच्या लेखी कुठलाही कावळा कुठल्याही आवाजाने आला असता. आजोबांचा त्यात पत्ताच नव्हता. मी ते नाते शेवटी एका झटपट आठवणीत दाखवले होते, म्हणजे कावळा उडाल्यावर आजोबा शेव घालताना दिसत होते. हा खुलासा झाला, आणि खुलाशाने कोणाचा गळा दाटत नाही. म्हणून ती आठवण तिथून काढली आणि लघुपटाची सुरुवात तिच्यापासून केली : सकाळचे अंगण, म्हाताऱ्याचा हात, वाटी, तीनदा टकटक, कावळा येतो. मग तेच अंगण, रिकामी खुर्ची आणि पालथी घातलेली वाटी. बारा सेकंद. पुढच्या खेपेला नातीने पिशवीत हात घातल्याबरोबर दुकानातला मुलगा म्हणाला, "वाटी आणली तिने." वाटी अजून बाहेर आलीच नव्हती.

अशा तीन फेऱ्या होईपर्यंत रंगाची फाइल उघडू नये. तीन हा माझा आकडा आहे. तुम्हाला दोन पुरतील, कदाचित पाच लागतील. सलग दोन-तीन परक्या माणसांनी गोष्ट बरोबर सांगितली आणि त्यांतल्या एकाने तरी एखाद्या पात्राबद्दल प्रश्न विचारला, की मी पुढे जातो.

देखणेपणा कुठे खर्चावा

आता रंग, प्रकाश आणि पोत यांची वेळ येते. मला यांचे वावडे नाही, उलट त्यातच जास्त रमतो, आणि म्हणूनच शेवटी ठेवतो. एक भेद मात्र ध्यानात असावा. पात्र कसे उभे राहते, किती वेळ थांबते, मान केव्हा वळवते, हा अभिनय आहे आणि अभिनय गोष्टीचा भाग आहे. त्यात काटकसर करू नये. पिसांची संख्या, दगडाचा पोत, पाण्यातले प्रतिबिंब हे देखणेपण आहे आणि त्याला गोष्टीकडून परवाना लागतो.

२००१ साली ‘फायनल फँटसी : द स्पिरिट्स विदिन’ प्रदर्शित झाला, तेव्हा त्यातल्या नायिकेचे सुमारे ६०,००० केस स्वतंत्रपणे हलवले आहेत याची जगभर चर्चा होती. चित्रपटाला सुमारे १३.७ कोटी डॉलर खर्च आला आणि तिकीटबारीवर त्याने तेवढेही मिळवले नाहीत. त्याउलट १९७४ साली फिल्म्स डिव्हिजनसाठी विजया मुळे यांनी केलेला ‘एक अनेक और एकता’ आठवा. सपाट रंग, साधी रेघ, वसंत देसाई यांचे संगीत, आणि जाळ्यात अडकलेले पक्षी एकदम उडून ते जाळेच घेऊन जातात एवढी गोष्ट. दूरदर्शनसमोर वाढलेल्या कोणालाही विचारा. उंदरांनी जाळे कुरतडलेले त्याला आठवते. त्या पक्ष्यांना पिसे होती की नव्हती, हे कोणी सांगू शकणार नाही.

खर्च ठरवताना मी ५२ चौकटींची यादी घेऊन बसलो आणि प्रत्येकीसमोर लिहिले, की इथे प्रेक्षकाला काय दिसलेच पाहिजे. ४४ ठिकाणी उत्तर एवढेच होते : कोण, कुठे, कोणाकडे बघतो. त्या चौकटी सपाट रंगात केल्या. घाटाला तीन रंग दिले, धुके काढले, प्रतिबिंबे काढली. उरलेल्या आठ चौकटींमध्ये कावळा, वाटी, दर्भाची गाठ आणि दोन भावांचे चेहरे होते. तिथे वेळ दिला. दर्भाची गाठ नीट कळावी म्हणून एकदा दहाव्याला गेलो असताना गुरुजींचे हात लांबून पाहून घेतले. फोटो काढणे बरे दिसले नसते. कावळा आता संपूर्ण काळा आहे, एकही पीस वेगळे दिसत नाही. त्याच्या डोळ्यात फक्त एक पांढरा ठिपका आहे, कारण तीनदा टकटक झाल्यावर तो मान तिरकी करून ऐकतो, आणि मान वळली हे तो ठिपका सरकल्यावरच दिसते.

वाटीचा आवाज मात्र पेन आपटून भागेना. तो आमच्या स्वयंपाकघरात घेतला. फ्रीज बंद करून, पंखा बंद करून, चार वाट्या आणि दोन चमचे घेऊन चौदा वेळा वाजवून पाहिले. रिकामी वाटी फार खणखणीत वाजते. तळाशी मूठभर शेव असली की आवाज जरा दबतो. तोच वापरला.